‘हजार टन ओढतं’ म्हणजे नेमकं कुठे? शंटिंग मशीन निवडण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: कोळशाच्या सायडिंगवर (माल उतरवायच्या बाजूच्या रुळांवर) ५८ वॅगनचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागतो. त्यातल्या दहा-दहा भरलेल्या बीओएक्सएनएचएल (वरून उघड्या वॅगन) तोडून हॉपरवर (कोळसा रिकामा करायच्या जागी) न्यायच्या आहेत. वाटेत ४०० ला १ चढ आणि ६ अंशांचं वळण. विक्रेता शंटिंगचं, म्हणजे वॅगन इकडून तिकडे हलवायचं, १५ टनी रबर-टायर मशीन दाखवतोय, ‘हजार टन आरामात ओढतं’ म्हणतोय. घ्यावं का?

हजार टन ओढेलही, पण सपाट, सरळ, कोरड्या रुळावर. तुम्ही ड्रॉबारवर (वॅगन जिथे जोडतात तिथे) ओढ किती मिळते ते विचारा आणि हिशोब आपल्या सायडिंगच्या सगळ्यात वाईट जागेचा करा.

भरलेली वॅगन ९१.६ टन, दहा म्हणजे ९१६. उभ्या वॅगन हलवायला टनाला ५ किलो ओढ धरा. ४०० ला १ चढाचे अडीच किलो, वळणाचे अंशाला ०.४ प्रमाणे २.४. टनाला जवळपास १० किलो, म्हणजे एकूण ९ टन ओढ हवी. रबराची कोरड्या रुळावरची पकड (मशीनच्या वजनाच्या किती पट ओढ मिळते ते) ०.६ धरली तर १५ टनी मशीन जेमतेम ९ टन देतं. पावसात रुळावर कोळशाचा काळा राडा झाला की पकड ०.३५ वर येते, ओढ सव्वापाच टनांवर. मग पाचच वॅगन निघतील. पावसाळ्यातही दहाच न्यायच्या असतील तर मशीन २६ टनांचं हवं. लोखंडी चाकांचा डिझेल शंटर वाळू टाकून ०.२५ पकड देतो, म्हणजे किमान ३६ टनांचा लागेल.

मशीनचा तिसरा प्रकार शेजारच्या वॅगनचं काही वजन कपलरमधून (जोडणाऱ्या आकड्यातून) स्वतःवर घेणारा. भरलेल्या वॅगनला उत्तम. पण रिकामी वॅगन २०.६ टनांचीच, तिच्याकडून घेण्यासारखं फारसं नसतं. आणि रिकामा अख्खा रेक एकदम सरकवायचा म्हटलं तर तोही ११९५ टन होतो, दहा भरलेल्यांपेक्षा जास्त. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

ओढण्यापेक्षा थांबवणं जास्त महत्त्वाचं. रेल्वेचं इंजिन सुटलं की ब्रेक पाइपातली हवा जाते, ब्रेक लागतात. मग माणसं प्रत्येक वॅगनखालचा रिलीज हँडल ओढून ती मोकळी करतात आणि दहाही वॅगन बिनब्रेकच्या होतात. ताशी ५ किमीला ९१६ टन एकट्या १५ टनी मशीनने थांबवायचे तर कोरड्यात १० मीटर, ओल्यात १७ मीटर लागतात. उतार असेल तर आणखी. हॉपरच्या तोंडाशी एवढी जागा नसते. एखादा हँडल ओढायचा राहिला, तर ती वॅगन जाम चाकांनी फरफटते, चाकावर सपाट चट्टा पडतो आणि भरपाई तुमच्या माथी येते.

म्हणून मशीनवर कॉम्प्रेसर आणि ब्रेक पाइप चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाने भरण्याची सोय हवीच. वॅगनची १०० लिटरची टाकी आणि पाइप धरून दहा वॅगनना साधारण साडेपाच हजार लिटर मोकळी हवा लागते. मिनिटाला १००० लिटरचा कॉम्प्रेसर सहा मिनिटांत भरतो, ३०० चा वीस मिनिटं खातो. गळती वेगळीच. छोटा कॉम्प्रेसर दिला की ऑपरेटर कंटाळून हवा न भरताच निघतो.

गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६७६ मिमी आहे ना, तेही पाहा. परदेशी मॉडेलं मुळात १४३५ ची असतात. कपलरची उंची १०३० ते ११०५ मिमीमध्ये बसली पाहिजे. टायर रुळाबाहेर किती येतो ते मोजा आणि पॉइंटचे (रूळ बदलायचे) लिव्हर, प्लॅटफॉर्मची कड, रुळालगत साचलेला कोळसा यांत अडकतो का ते जागेवर जाऊन बघा. रुळावर चढायला-उतरायला मशीनच्या लांबीपेक्षा जास्त लांबीचा, रुळाच्या माथ्याला समतल काँक्रीटचा पट्टा लागतो. कोटेशनमध्ये तो कधीच नसतो.

आणि लोडरच्या बकेटने वॅगन ढकलायचं मनातून काढा. एंड पॅनल (वॅगनची टोकाची भिंत) वाकतं, शिवाय पुढची वॅगन निसटली तर धरायला काहीच नसतं.

ऑर्डरमध्ये चाचणीची अट घाला: रूळ पाण्याने भिजवून, दहा भरलेल्या वॅगन वळणावर चढाच्या तोंडाशी उभ्या करून, चाकं न घसरता सुरुवात. त्यानंतर उलट दिशेला, हवेचे ब्रेक जोडून, ठरवलेल्या अंतरात थांबणं. विक्रेता ‘आमच्या यार्डात दाखवतो’ म्हणाला तर सही करू नका.