'मदत', 'साहाय्य' की 'अनुदान'?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. अमेरिकेने नेपाळला दिलेल्या पैशांवर त्या विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहीत आहेत. पैसे देणाऱ्या संस्थेचा, म्हणजे मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनचा, हेतू 'आर्थिक वृद्धीतून दारिद्र्य कमी करणे' असा आहे. त्या विचारतात : 'याला परकीय मदत म्हणू, साहाय्य म्हणू की अनुदान? आणि वृद्धीऐवजी विकास लिहिलं तर चालेल का?'

बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : चालणार नाही. 'विकास' म्हणजे मुळात उमलणं, कमळ विकसतं ते. 'वृद्धी' म्हणजे वाढ, आणि तीही मोजता येणारी. संस्कृतात व्याजालाच वृद्धी म्हणत, आपल्या 'चक्रवृद्धी व्याजा'त तो अर्थ अजून टिकून आहे. कारखान्यात चाराचे आठ माग झाले, टॉवेल दुप्पट निघू लागले, ही वृद्धी. त्या मागावरच्या कामगाराची मुलगी शिकली, घरात आजारपणाला पैसा उरला, हा विकास. पहिल्यातून दुसरं निघतंच का, यावर अर्थशास्त्रात मोठा वाद आहे. ही संस्था जाणून 'वृद्धी' म्हणते. तिथे आपण 'विकास' लिहिलं तर तिचा दावा काय आहे तेच मुलांना कळणार नाही, मग तो पटतो की नाही हे ती ठरवणार कशी? तसंच 'दारिद्र्य निर्मूलन'ही नको. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं, इथे कमी करण्याची गोष्ट आहे.

आता 'मदत'. हा शब्द अरबी 'मदद'वरून आला. त्याचं मूळ म-द-द, अर्थ ताणणं, लांबवणं. आपला 'मुदत' शब्दही त्याच मुळाचा आहे. तुमच्या टिपणात हे दोन्ही भाऊ एकत्र येतात : मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन ही अमेरिकी सरकारची २००४ सालची संस्था देशांशी करार करते, आणि एकदा करार अंमलात आला की पाच वर्षांची मुदत सुरू होते.

पण 'मदत' फार सैल शब्द आहे, आणि मला त्याची खरी काळजी वाटते ती इथे. त्यात पुराच्या वेळचं अन्नही बसतं, धरणाचं कर्जही बसतं आणि चक्क विक्रीसुद्धा. अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल-४८० कायद्याखाली आपल्याकडे आलेल्या गव्हाला सगळे मदत म्हणत. प्रत्यक्षात त्यातला बराचसा गहू भारताने रुपये मोजून घेतलेला होता. ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साचत गेले, आणि १९७४ मध्ये त्यातले १,६६४ कोटी अमेरिकेने भारताला सोडून दिले. आधी विक्री, मग काही अंशी देणगी, आणि बोलताना सगळीकडे शब्द एकच.

आपल्या जुन्या भाषेत ही गफलत नव्हती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं उघडली, ही कथा तुमच्या वर्गातल्या मुलांना ठाऊक असेल. ती भुकेची सोय, आजच्या पोटासाठी. पण उद्याच्या कमाईसाठी सरकारकडून जे मिळे त्याला वेगळा शब्द होता : तगाई. पेशवाईच्या दप्तरांत तो सापडतो. इंग्रजी अमलात १८८३ च्या कायद्याने विहीर, ताल, बांध यांसाठी आणि १८८४ च्या कायद्याने बी-बियाणं, बैल यांसाठी तगाई मिळू लागली. स्वातंत्र्यानंतरही खेड्यापाड्यांत हा शब्द पुष्कळ वर्षं रोजच्या बोलण्यात होता.

आणि त्याची व्युत्पत्ती पाहा. अरबी 'तकविया' म्हणजे बळ देणं, त्यावरून 'तकावी', त्यावरून 'तगाई'. आपला 'कुवत' शब्द त्याच मुळातून आला. म्हणजे कुवत वाढवते ती तगाई! 'तग धरणे'शी तिचं नातं व्युत्पत्तीने नाही, पण कानाला ते इतकं जवळचं वाटतं की अर्थही तिकडेच झुकतो. वृद्धीच्या मार्गाने दारिद्र्य कमी करण्याची सगळी कल्पना या एका शब्दात दोन-तीनशे वर्षांपूर्वीच बसलेली होती, हे मला जेव्हा पहिल्यांदा उमगलं तेव्हा फार आनंद झाला होता.

तरी टिपणात 'तगाई' लिहू नका. तगाई फेडावी लागे, आणि नेपाळच्या करारातले अमेरिकेचे ५० कोटी डॉलर फेडायचे नाहीत. करार २०१७ चा, नेपाळच्या संसदेने तो फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर केला. पैसा मुख्यतः उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांसाठी आणि रस्त्यांच्या देखभालीसाठी आहे. म्हणून या रकमेला नेमका शब्द 'अनुदान'. व्यापक नाव हवं तिथे 'विकास साहाय्य' लिहा. आंतरराष्ट्रीय हिशेबात त्या नावाखाली अनुदानंही येतात आणि सवलतीची कर्जंही, त्यामुळे त्यातलं कोणतं ते लगेच पुढे सांगायला हवं. 'विकास' इथे चालतो, कारण ते त्या प्रकाराचं रूढ नाव आहे. हेतूच्या वाक्यात मात्र 'वृद्धी'च.

'साहाय्य' लिहिताना पहिल्या 'स'ला काना द्या. 'सहाय' म्हणजे सोबत जाणारा, साथीदार, आणि त्याचा भाव तो 'साहाय्य'. 'सहाय्य' हे रूप सगळीकडे दिसतं, पण व्याकरणाने ते बसत नाही. या करारात नेपाळलाही स्वतःच्या तिजोरीतून भर घालायची आहे, तेव्हा सोबत जाण्याचा अर्थ इथे चांगला लागू पडतो.

मी असतो तर वाक्य असं केलं असतं : 'आर्थिक वृद्धीतून दारिद्र्य कमी व्हावे यासाठी अमेरिकी सरकारने नेपाळला पाच वर्षांच्या कराराने दिलेले ५० कोटी डॉलरचे अनुदान.' लांब आहे, पण कोणी, कोणाला, कशासाठी, किती मुदतीने आणि परत करायचे की नाही, हे सगळं त्यात आलं.

तुमच्या वर्गात तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं बरीच असतील. त्यांच्या घरी 'अप्पु' म्हणजे कर्ज आणि 'सायम' म्हणजे साहाय्य, हा फरक मुलं लहानपणापासून ऐकतात. नेपाळचे पैसे यातले कोणते, एवढंच आधी त्यांना विचारून बघा, आणि ती काय म्हणाली ते मलाही जरूर कळवा.