एकाच जन्माच्या दोन पत्रिकांत महादशांच्या तारखा वेगळ्या का?

1948 साली गिरगावात, भरणी नक्षत्रावर जन्मलेल्या आपल्या वडिलांच्या दोन पत्रिकांतील महादशा (आयुष्याचे ग्रहांच्या नावे पाडलेले कालखंड) सुमारे साडेसहा महिन्यांनी पुढेमागे येतात, याचे कारण बहुधा घड्याळात आहे. विंशोत्तरी दशा, म्हणजे हे कालखंड मोजण्याची रूढ पद्धत, जन्मवेळी चंद्राने नक्षत्राचा किती भाग ओलांडला यावरून ठरते; पहिल्या दशेचा, म्हणजे जन्मदशेचा, तेवढाच भाग सरलेला धरतात. भरणीची जन्मदशा शुक्राची, 20 वर्षांची, आणि चंद्र ते नक्षत्र साधारण 24 तासांत ओलांडतो. शहरात 1955 पर्यंत वापरात असलेली मुंबई वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती. जन्मटिपणात तीच लिहिली असेल, तर या हिशेबाने तेवढ्या मिनिटांचे साडेसहा महिने होतात. तसे असल्यास वेळेत 39 मिनिटे मिळवून पत्रिका पुन्हा मांडावी, म्हणजे पुढच्या सर्व दशा आधीच्या तारखांना सरकतील. त्याआधी विवाहाचे किंवा नोकरीचे वर्ष दशेशी जुळवू नये, ही कळकळीची विनंती.