गोळीच घेतली नाही, मग तोंड का हलतं?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावाहून आई आणि धाकटा भाऊ त्याला घेऊन आले होते. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय ४५. जवळजवळ २० वर्षांपासून कानात आवाज, स्वतःशी बडबड; राहायचा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, एकटाच. देवऋषी झाले, दर्गे झाले. डॉक्टर तेवढा राहिला.

बोलताना त्याचं तोंड सारखं हलत होतं. जीभ गालात फिरायची, ओठ मुडपायचे. मला वाटलं, सुपारी आहे. "काही नाही ओ तोंडात," म्हातारी म्हणाली. "बैलावानी रवंथ करायलाय. झोपला की थांबतंय."

मी तीनदा विचारलं, कुठल्या गोळ्या, इंजेक्शन? भाऊ वैतागलाच. "एक बी नाही, मॅडम. शेजारच्या गावात एकाचं गोळ्यांनीच असं झालंय. ह्याचं तर आधीच हलायलंय, गोळी दिल्यावर काय होईल?"

ही भीती मी नेहमी ऐकते, आणि ती खोटी नाही. स्किझोफ्रेनियाची (असे कानात आवाज येतात, तो मनाचा आजार) औषधं बरीच वर्षं घेतल्यावर काहींना अशा हालचाली सुरू होतात. पण सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी रुग्णांच्या अशा हालचाली लिहून ठेवल्यात. ते १९२६ साली वारले. या आजारावरची पहिली खरी गोळी, क्लोरप्रोमाझिन, आली १९५२ मध्ये. पुढे चेन्नईच्या आसपास, कधीच उपचार न झालेल्या रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय काढले. ज्यांच्यात अशा हालचाली होत्या, त्यांच्या मेंदूतला खोलवरचा एक भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रांपैकीच तो. म्हणजे आजाराची मुळं तिथवरही पोचलेली असू शकतात.

भावाला एवढं सगळं नाही सांगितलं. म्हटलं, "लगाम आजारानंच ढिला झाला असेल. गोळीनं तो आणखी ढिला होणारच नाही, अशी हमी मी देत नाही. म्हणून आजच मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा."

मनोविकारतज्ज्ञांनी आधी दात पाहिले (दात पडलेली माणसंही तोंड चाळवत राहतात), दुसऱ्या आजारांसाठी रक्त तपासलं, मग कमी मात्रेत औषध सुरू केलं. दर फेरीला नवा व्हिडिओ.

सहा महिने झाले. आवाज कमी झालेत, तो आखाड्यावरून घरी झोपायला येतो. तोंड हलतंच, पहिल्या व्हिडिओत होतं तेवढंच. भाऊ दर वेळी दोन्ही लावून बघतो, मगच पुढच्या गोळ्या घेतो.