वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून विळी माळ्यावर गेली

"मॅडम, मनात असलं काही येतं म्हणजे मी आतून तशीच आहे ना?" हा प्रश्न मी मानसोपचार करताना वारंवार ऐकते, आणि विचारणाऱ्याची मान बहुतेक वेळा खाली असते. अशाच एका आईची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाळ चार महिन्यांचं. ती विळीवर भाजी चिरत होती, बाळ जवळच दुपट्यावर. अचानक डोळ्यांपुढे चित्र आलं : ही विळी बाळाला लागतेय, तीही आपल्याच हातून. तिला दरदरून घाम फुटला. त्याच दिवशी विळी माळ्यावर गेली, मागोमाग सुऱ्या आणि कात्री. बाळाची आंघोळ सासूबाईंकडे गेली. रात्री नवऱ्याला दहा-दहा वेळा विचारायचं, "मी त्याला काही करणार नाही ना?" तो "नाही गं" म्हणाला की पाच मिनिटं बरं वाटायचं.

आधी मी एक खात्री करून घेतली. बाळंतपणानंतर झोप पार उडणं, आवाज ऐकू येणं, विचार आपलाच आणि बरोबरच वाटणं, असं असेल तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठायला हवेत. हिचं उलट होतं. त्या विचाराची तिला किळस होती, तोच तिला छळत होता. हा मंत्रचळ, ओसीडी : नकोसा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि त्याची भीती शमवायला माणूस तीच ती कृती करत राहतो.

तिला सांगितलं, असले नकोसे विचार जवळपास सगळ्यांना येतात. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच ते दाखवलं. 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांना विचारलं, तर सुमारे 94 टक्क्यांना गेल्या तीन महिन्यांत असा निदान एक विचार येऊन गेला होता. बहुतेकांच्या मनातून तो निघून जातो. मग हिच्या मनात का रुतला?

म्हणून मी विचाराबद्दल न विचारता त्याच्या अर्थाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आजी सांगायची, घरात वाईट चिंतू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते."

माझ्याही घरी हे म्हणत. आपण ते ऐकतो आणि बोलताना जरा जपतो, एवढंच. तिच्यासाठी मात्र मनात येणं आणि हातून घडणं एकच झालं होतं. आणखी एक धागा निघाला. ती नऊ वर्षांची असताना धाकटा भाऊ ओट्यावरून पडला, आणि सगळे तिलाच म्हणाले, "तुझं लक्ष कुठं होतं?" तेव्हापासून काहीही वाईट घडलं तर ते मी टाळायला हवं होतं, असं तिच्या मनानं घेतलं. पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी 1985 मध्ये ओसीडीच्या मुळाशी मांडली ती हीच फुगलेली जबाबदारी. त्यात शंभर टक्के खात्रीचा हट्ट मिसळला की माणूस पुरता अडकतो. आजीमुळे किंवा त्या पडण्यामुळे आजार झाला, असं मी म्हणत नाही. आनुवंशिकता आणि मेंदूचाही त्यात वाटा असतो. पण भीतीला आकार दिला तो या समजुतींनी.

विळी लपवल्यामुळेच बाळ सुरक्षित आहे, असं तिला वाटे. समजूत खोटी ठरायला वावच नव्हता! म्हणून विळी खाली आणायची ठरली. आधी नुसती स्वयंपाकघरात ठेवली. मग बाळ दुसऱ्या खोलीत असताना भाजी चिरली, मग बाळ दाराशी, मग नजरेसमोर. भीती चढली तरी उठायचं नाही, देवाचं नाव घेऊन विचार पुसायचा नाही. मनोविकारतज्ज्ञांनी स्तनपान लक्षात घेऊन औषधही दिलं. सगळ्यात जड गेलं ते नवऱ्याला. "नाही गं" म्हणायचं नाही, "हा प्रश्न आजाराचा आहे, आपण थांबूया" एवढंच म्हणायचं. पहिल्या आठवड्यात त्याला हे निर्दयपणाचं वाटलं. मला त्याचं फार कौतुक वाटतं, कारण तरी तो टिकला.

उपचारांच्या चौथ्या महिन्यात ती आली तेव्हा बाळ मांडीवर होतं. म्हणाली, "काल मेथी चिरताना तो विचार आला. आजीही आठवली. तेवढ्यात हा रडायला लागला, मग विळी आडवी ठेवून उठले."