वाचक विचारतात : जुन्या पद्मिनीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप

प्रश्न : माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. उन्हाळ्यात आंबोली घाट चढताना ती हमखास बंद पडते आणि इंजिनावरच्या पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होते. म्हणून मी गॅरेजमधून इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवून घेतला. तो बॉनेटखाली पत्र्यावर बसवला असून त्याची वायर इग्निशन कॉइलच्या (स्पार्कसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलच्या) धन टोकावरून घेतली आहे. जुना पंप जागेवरच ठेवून पेट्रोल त्याच्यातूनच पुढे नेले आहे. गाडी चालते, परंतु इंजिन बंद असतानाही किल्ली चालू असेपर्यंत पंप टकटक करत राहतो. इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे, की ऑइलच्या लाल दिव्याचा स्विच आणि पाच टोकांचा रिले (छोट्या करंटने चालणारा विद्युत स्विच) वापरून हे थांबवता येईल. ही व्यवस्था सुरक्षित आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सध्याची व्यवस्था सुरक्षित नाही, आणि ती बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आपल्या गाडीचा मूळ पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतो, त्यामुळे इंजिन थांबले की पेट्रोलही आपोआप थांबते. अपघातात पेट्रोलचा पाइप तुटला, तरी बंद इंजिनाचा पंप त्यातून पेट्रोल उपसत नाही. इलेक्ट्रिक पंपाला मात्र इंजिन चालू आहे की बंद, हे कळत नाही. करंट मिळतो आहे तोपर्यंत तो पेट्रोल ढकलत राहतो, मग पुढे कार्ब्युरेटर असो, तुटलेला पाइप असो किंवा तापलेला एक्झॉस्ट असो. मूळ पंपात आपसूक असलेले हे संरक्षण वायरिंगमधून परत मिळवणे, हेच या कामाचे खरे सार आहे.

वायरिंगकडे वळण्याआधी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली जुन्या पंपाची. त्याच्या आतला रबरी पडदा आज ना उद्या फाटतो. तो फाटला, की इलेक्ट्रिक पंपाने दाबाखाली पाठवलेले पेट्रोल सरळ इंजिनाच्या ऑइल सम्पमध्ये, म्हणजे तळातल्या ऑइलच्या भांड्यात, उतरते, ऑइल पातळ होऊन बेअरिंगे जातात आणि सम्पमध्ये पेट्रोलची वाफ साठल्यास स्फोटाचाही धोका राहतो. म्हणून पेट्रोलची वाट जुन्या पंपातून नेऊ नये. तो पंप काढून जपून ठेवावा आणि त्याच्या जागी गॅस्केटसह जाड पत्र्याची प्लेट बसवावी. म्हणजे ऑइल गळणार नाही आणि पुढेमागे गाडी मूळ रूपात आणायची झाली तर अडचण येणार नाही.

दुसरी गोष्ट पंपाच्या जागेची. घाटात आपली गाडी बंद पडते, ती बहुधा पाइपातच पेट्रोलची वाफ झाल्यामुळे. इंजिनावरचा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो आणि ओढताना पाइपातला दाब कमी होतो. दाब कमी झाला, की पेट्रोल कमी तापमानालाच उकळू लागते. नवा पंप बॉनेटखालीच बसवला, तर तोही तसाच ओढत राहील आणि शिवाय स्वतः तापेल. तो टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली, एक्झॉस्टपासून दूर आणि रबरी बुशांवर बसवावा, आणि त्याच्या आधी फिल्टर असावा. तिथून तो पेट्रोल दाबाखाली पुढे पाठवतो, त्यामुळे वाफ होण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. पंप कार्ब्युरेटरच्या गाडीसाठीचा, म्हणजे साधारण २ ते ३ पीएसआय (दाबाचे एकक) दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीतला पंप ४० पीएसआयच्या पुढे दाब देतो. त्यापुढे कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) टिकत नाही आणि पेट्रोल वरून ओसंडू लागते. आता सर्वत्र इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असल्याने जुने रबरी पाइपही याच वेळी बदलून इथेनॉलला टिकणारे घ्यावेत.

आता वायरिंग. कॉइलच्या टोकावरून करंट घेणे अनेक कारणांनी चुकीचे आहे. जुन्या गाड्यांत इग्निशनच्या वायरीला बहुधा फ्यूज नसतो, त्यामुळे पंपाची वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर मूळ हार्नेसच (गाडीच्या वायरींचा जुडगा) जळतो. कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारे व्होल्टेज कमी करणारा रोधक) असेल, तर पंपाला पुरते व्होल्टेज मिळत नाही आणि कॉइलचेही कमी होते. पंपासाठी बॅटरीच्या धन टोकापासून स्वतंत्र वायर काढावी आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. फ्यूज पंपाजवळ बसवण्याची चूक फार लोक करतात. तसे केल्यास बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर संरक्षणाविना राहते, आणि फ्यूजचे काम तर वायर वाचवण्याचे असते. फ्यूजनंतर ही वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला जाईल आणि ८७ क्रमांकाच्या टोकावरून पंपाकडे निघेल. ८५ आणि ८६ ही रिलेच्या आतल्या कॉइलची टोके. त्यांतले ८५ क्रमांकाचे टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडावे. ८६ क्रमांकाच्या टोकाला करंट कुठून द्यायचा, यावर मात्र सगळी सुरक्षितता अवलंबून आहे.

आपल्या इलेक्ट्रिशियनने सुचवलेली युक्ती जुनी आहे आणि पहिल्यांदा ऐकताना पटते. ऑइलचा दाब नसताना लाल दिव्याचा स्विच अर्थला जोडला जातो. त्या अर्थवर रिले ओढून घ्यायचा आणि रिले ओढला की ८७ए या (रिले ओढलेला नसताना ३० शी जोडलेल्या) टोकावरचा पंप बंद पडेल, अशी ती योजना. परंतु यात रिलेला करंट मिळाला तरच पंप थांबतो. स्विचची एवढीशी लग गंजून निसटली, रिलेची वायर तुटली किंवा रिलेची कॉइल जळली, तर पंप थांबवणारे कोणीच उरत नाही, आणि ते बिघडले आहे हे आपल्याला कळतही नाही. अपघातात पुढचा भाग चेपला, तर नेमक्या याच वायरी पहिल्यांदा तुटतात. संरक्षणाची रचना अशी हवी, की कोणतीही वायर तुटली तरी पंप बंदच पडला पाहिजे. गाडी रस्त्यात थांबेल, खोळंबा होईल. पण तेवढे सोसायलाच हवे.

यासाठी दोन चांगले मार्ग आहेत. पहिला तीन टोकांच्या ऑइल प्रेशर स्विचचा. इंजिन ब्लॉकवरच्या मूळ स्विचच्या जागी टी-जोड बसवून एका बाजूला दिव्याचा जुना आणि दुसऱ्या बाजूला हा नवा स्विच लावतात. नव्या स्विचचे सामाईक टोक रिलेच्या ८६ ला जाते. दाब नसताना ते ज्या टोकाशी जोडलेले असते, तिथे सेल मारतानाच येणारा करंट द्यावा. दाब आल्यावर ज्या टोकाशी जोडले जाते, तिथे फ्यूजमधून आलेला इग्निशनचा करंट द्यावा. असे केले, की सेल मारताना पंप चालतो, इंजिन सुरू झाल्यावर ऑइलच्या दाबावर चालत राहतो आणि इंजिन थांबले की काही क्षणांत बंद होतो. सेलची आणि इग्निशनची वायर मात्र कधीही थेट एकत्र जोडू नये, नाही तर किल्ली चालू करताच स्टार्टर फिरू लागेल. दुसरा मार्ग इग्निशनच्या स्पंदनांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रिलेचा. तो कॉइलच्या ऋण टोकावरची स्पंदने पाहतो आणि ती थांबताच एक-दोन सेकंदांत पंपाचा करंट तोडतो. त्याची जोडणी सोपी असून ब्लॉकला हात लावावा लागत नाही, म्हणून पद्मिनीसाठी आम्ही हाच सुचवू. मात्र तो खात्रीच्या दुकानातून घ्यावा आणि सोबतच्या आकृतीप्रमाणेच जोडावा.

यापैकी काहीही निवडले, तरी धक्का बसताच करंट तोडणारा इनर्शिया स्विच वेगळा लावावाच, कारण धडकेनंतरही इंजिन काही वेळ फिरत राहू शकते. फोर्डच्या अनेक गाड्यांत असा स्विच कंपनीकडूनच येत असे. तो रिलेच्या आधी न लावता ८७ आणि पंप यांच्या मधल्या वायरीत लावावा, म्हणजे रिलेचे संपर्क चिकटून बसले तरी पंपाचा करंट तुटतो. स्विच बॉडीच्या भक्कम भागावर आणि दाखवलेल्या दिशेने उभा बसवावा. तो पुन्हा जोडण्याचे बटण ड्रायव्हरला सहज दाबता यावे, कारण खड्ड्यातल्या जबर हादऱ्याने तो कधी तरी सुटू शकतो.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची ऑटो केबल घ्यावी. घरगुती वायरिंगची उरलेली वायर वापरू नये. तिचे आवरण इंजिनाच्या उष्णतेसाठी आणि पेट्रोलसाठी बनवलेले नसते. असा पंप साधारण १ ते २ अँपिअर घेतो, त्यामुळे चार मीटर लांबीच्या या वायरीत जेमतेम ०.१ व्होल्ट खर्च होतो. त्याहून पुष्कळ जास्त व्होल्टेज गंजलेल्या अर्थमध्ये जाते, आणि नेमके तिकडे कोणी पाहत नाही. अर्थच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा, दातेरी वॉशरसह बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. वायरी पिळून टेप गुंडाळणे टाळावे. लग पकडीने नीट दाबून बसवावेत, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावा आणि वायर शक्यतो गाडीच्या आतून, पेट्रोलच्या पाइपापासून वेगळी न्यावी.

काम सुरू करताना आधी बॅटरीचे ऋण टोक काढावे. पहिली चाचणी उघड्यावर आणि हाताशी ड्राय पावडरचे अग्निशामक ठेवून करावी. किल्ली चालू पण इंजिन बंद असताना पंप गप्प असायला हवा. काही रिले किल्ली फिरवताच क्षणभर पंप चालवतात, तेवढे चालेल. नंतर इंजिन चालू ठेवून किल्लीला हात न लावता कॉइलची वायर काढून इंजिन बंद पाडावे. पंपाची टकटक दोन-तीन सेकंदांत थांबली पाहिजे. इनर्शिया स्विच धक्का देऊन सोडवून पाहावा. शेवटी पंप चालू असताना थेट त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा आणि बॅटरीवरच्या व्होल्टेजशी ताडून पाहावे. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला, तर आधी अर्थ तपासावा.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपची बॅटरी ६ व्होल्टची आहे. तिला १२ व्होल्टचा पंप आणि रिले चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाही. १२ व्होल्टचा पंप ६ व्होल्टवर अडखळत चालेल किंवा चालणारच नाही, आणि रिलेची कॉइलही भरवशाने ओढणार नाही. दोन्ही वस्तू ६ व्होल्टच्याच घ्याव्यात. त्या शोधाव्या लागतात, पण मिळतात. त्याच कामासाठी ६ व्होल्टचा पंप दुप्पट करंट घेतो, म्हणून वायर २.५ चौरस मिलिमीटरची वापरावी आणि फ्यूज पंपावर लिहिलेल्या अँपिअरनुसार निवडावा. १२ व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर ४ टक्के जातात, ६ मधून गेला तर ८. तेव्हा अर्थच्या जोडणीत जराही कसर ठेवू नये. खरेदीपूर्वी बॅटरीचे कोणते टोक चॅसिसला जोडले आहे, तेही पाहावे. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या, धन टोक चॅसिसला असते, आणि ऋण अर्थसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक पंप अशा गाडीला उलटा जोडला गेला तर लगेच जळतो.