बायबल वाचताना आत्मपरीक्षण नेमकं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की रोज एक अध्याय वाचता, पण आत्मपरीक्षणाला बसलं की एकतर काहीच हाती लागत नाही, नाहीतर इतकं अपराधी वाटतं की प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, जायची हिंमत होत नाही. मी या दोन्हींतून गेले आहे.

माझ्या जुन्या बायबलमध्ये याकोबाच्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायापाशी, जिथे जिभेला आग म्हटलंय, समासात पेन्सिलीने एक अक्षर लिहिलेलं आहे. माझ्या जावेच्या नावाचं. तेव्हा आमचा अबोला होता आणि वाचताना वाटलं होतं, हे तर तिच्यासाठीच लिहिलंय. काही वर्षांनी तेच पान उघडलं, ते अक्षर दिसलं आणि मी बसल्या जागी गार पडले. अख्खा अध्याय वाचून मी त्यात स्वतःला कुठेच पाहिलं नव्हतं.

बायबलमधल्या दावीद राजाचंही असंच झालं. नाथान संदेष्टा त्याला गोष्ट सांगतो की एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी मारून पाहुण्याला वाढली. दावीद भडकतो, म्हणतो तो माणूस मरणदंडालाच पात्र आहे. आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, उरीयाला मारवलं, तरी गोष्टीत तो स्वतःला ओळखत नाही. ‘तो मनुष्य तूच आहेस,’ हे नाथानाला तोंडावर सांगावं लागतं (2 शमुवेल 12). म्हणून आपली झडती आपणच नीट घेऊ, हा भरवसा मी सोडलाय. स्तोत्र 139 च्या शेवटी दावीद देवालाच म्हणतो, माझी झडती घे. आणि त्याच स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत तो म्हणून बसलाय की तू मला पारखलंच आहेस! झडती घेणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक आहे, मग लपवायचं कुणापासून?

हल्ली मी आठ-दहा वचनंच वाचते. ज्या वचनाला दुसरं कुणी आठवतं, तिथेच थांबते आणि विचारते, प्रभू, यात मी कुठे आहे? जे सुचतं ते नेमकं लिहिते. ‘मी गर्विष्ठ आहे’ असं मोघम लिहिलं तर माफी कुणाची मागणार? ‘काल चारचौघांत त्याचं बोलणं तोडलं’ असं लिहिलं की पुढचं पाऊल दिसतं. नुसतंच मळभ दाटून येत असेल, नाव-गाव नसलेलं, तर 1 योहान 3:20 वाचा. आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे.

प्रभुभोजनाबद्दल मात्र 1 करिंथ 11:28 सावकाश वाचा. स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं तिथे आहे. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल असं का म्हणतो? करिंथ शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणजे शेजारी बसलेल्याशी आपण कसे वागलो, हेही त्या परीक्षेत येतं. तुमच्या मंडळीची शिस्त वेगळी असेल तर पाळकांशी मोकळेपणी बोला, पण एकटे लांब बसून राहू नका.

जावेला मी फोन केला तेव्हा काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. दोनच वाक्यं. पहिलंही धड बोलता आलं नाही, पण तिने फोन ठेवला नाही.