नायोबियम की टँटलम? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या दोन दुर्मिळ धातूंबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पुढची बहुतेक उत्तरे एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधीच सांगतो. हवेत या दोन्ही धातूंच्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप धरतो. त्यांचा गंजरोध, कपॅसिटरमधला उपयोग आणि रंग, सारे त्या थरावर अवलंबून आहे. थर टिकला तर धातू टिकतो.

प्रश्न : नायोबियमचा अणुक्रमांक ४१, टँटलमचा ७३. इतके अंतर असून दोघांचे रसायन सारखे कसे? आणि खनिजातून ते वेगळे कसे करतात?

दोघांचा आकार जवळजवळ एकच आहे, म्हणून. टँटलममध्ये इलेक्ट्रॉनांची एक कक्षा जास्त, त्यामुळे त्याचा अणू मोठा असायला हवा. पण त्याच्या आधी लँथनाइड मूलद्रव्यांची रांग येते. तिच्यात अणुकेंद्राचा धनप्रभार वाढत जातो आणि एफ कक्षिकांतले इलेक्ट्रॉन तो नीट झाकू शकत नाहीत, म्हणून अणू आक्रसत जातो. वाढलेल्या कक्षेचा परिणाम या आकुंचनाने जवळजवळ पुसला जातो. पाच धनप्रभारांच्या आयनाची त्रिज्या दोघांचीही सुमारे ६४ पिकोमीटर आहे. म्हणूनच कोलंबाइट-टँटलाइट खनिजाच्या स्फटिकात एकाच्या जागी दुसरा बिनतक्रार बसतो.

चार्ल्स हॅचेटने १८०१ मध्ये नायोबियम शोधला, आंदर्स एकेबर्गने १८०२ मध्ये टँटलम. १८०९ मध्ये विल्यम वोलॅस्टनने दोन्ही एकच असल्याचे जाहीर केले. दोन खनिजांच्या घनतेतला मोठा फरक त्याने स्वतः मोजला होता, तरी रसायन सारखे दिसल्यामुळे तो बाजूला ठेवला. हाइनरिक रोझने १८४४ मध्ये हे दोन वेगळे धातू असल्याचे दाखवले. १८६६ मध्ये मारिन्याकने विलगीकरणाची कामाची पद्धत दिली : पोटॅशियमचे टँटलम-फ्लुओराइड पाण्यात फार कमी विरघळते, नायोबियमचे ऑक्सिफ्लुओराइड बरेच जास्त.

आज हेच काम द्रव-द्रव निष्कर्षणाने होते. खनिजाची भुकटी हायड्रोफ्लुओरिक आणि सल्फ्युरिक आम्लांत विरघळवतात. आम्लता जास्त ठेवली की मिथाइल आयसोब्यूटाइल कीटोन हा द्रावक दोन्ही धातू ओढून घेतो. मग सौम्य आम्लाने नायोबियम परत काढतात आणि शेवटी पाण्याने टँटलम. आम्लता नेमकी राखली नाही तर एकाची बरीच भेसळ दुसऱ्यात राहते.

प्रश्न : जुन्या यंत्राच्या भंगारातून राखाडी धातूचा जड तुकडा मिळाला आहे. तो टँटलम आहे की नायोबियम, हे आम्लाशिवाय कसे ओळखावे?

घनता मोजा. टँटलमची घनता मिलिलिटरला १६.६ ग्रॅमच्या आसपास, नायोबियमची ८.५७. जवळजवळ दुपटीचा हा फरक साध्या तराजूवरही लपत नाही.

आधी तुकडा कोरडा करून वजन करा. मग तराजूवर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा. बारीक दोऱ्याने तुकडा पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला वा कडेला टेकू देऊ नका. आता तराजू जितके ग्रॅम दाखवेल तितके त्या तुकड्याचे घनफळ मिलिलिटरमध्ये. वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. १०० ग्रॅमचा तुकडा टँटलमचा असेल तर आकडा ६ च्या जवळ येईल, नायोबियमचा असेल तर ११.७ च्या जवळ.

आकडा चुकतो तो बहुधा बुडबुड्यांमुळे. खाचांत अडकलेली हवा घनफळ फुगवते आणि घनता कमी दिसते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा हलवून बुडबुडे सोडवा. तराजू ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर तुकडा निदान २० ग्रॅमचा हवा. आत पोकळी असेल तर ही पद्धत फसते.

गोंधळ घालणारे शेजारीही लक्षात ठेवा. पितळ ८.५ च्या आसपास असल्याने घनतेत नायोबियमसारखेच, पण रंगाने लगेच ओळखू येते. मॉलिब्डेनम १०.२ आणि टंगस्टन १९.३. मिश्रधातूचा आकडा या सर्वांच्या मधे कुठेही पडू शकतो. मग एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राने तपासणे हाच खात्रीचा मार्ग. कानसून भुकटी करून पाहू नका. या धातूंची बारीक भुकटी पेट घेते.

प्रश्न : दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांवर टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेले, कधी चक्क जळालेले सापडतात. नवा बसवला तरी काही वेळा तोही जातो. चूक कुठे होते?

सर्वांत आधी पट्टी बघा. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पट्टी ऋण बाजू दाखवते. चौकोनी टँटलमवर ती धन बाजू दाखवते. सवयीने उलटा बसवलेला टँटलम कधी लगेच फुटतो, कधी काही तास चालून शॉर्ट होतो.

असे का होते हे रचनेवरून कळते. टँटलमच्या भुकटीची सच्छिद्र गोळी हा धन अग्र. तिच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने टँटलम ऑक्साइडचा थर वाढवतात, दर व्होल्टला सुमारे १.७ नॅनोमीटर. हाच थर विद्युतरोधक. त्यावर मँगनीज डायऑक्साइड, हा ऋण अग्र. थर एकाच दिशेने रोधतो, म्हणून उलटा व्होल्टेज त्याला मोडतो.

थरात बारीक दोष असतातच. तिथून प्रवाह गळाला की ती जागा तापते. उष्णतेने मँगनीज डायऑक्साइडचे कमी ऑक्सिजनच्या, जास्त रोधाच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि गळती आपोआप बंद पडते. पण या बदलात ऑक्सिजन सुटतो. प्रवाहाला मर्यादा नसेल तर दोष मिटण्याआधीच टँटलम त्या ऑक्सिजनात पेटतो. बॅटरीच्या किंवा पॉवर सप्लायच्या थेट वाटेवर बसवलेले कपॅसिटर जास्त जळतात, कारण स्विच चालू करताच त्यांच्यावर प्रवाहाचा लोंढा येतो.

म्हणून मँगनीज डायऑक्साइडच्या टँटलमला छापील व्होल्टेजच्या निम्म्याहून जास्त ताण देऊ नये. ५ व्होल्टच्या लाइनवर १० चा, १२ च्या लाइनवर २५ चा बसवा. १२ व्होल्टवर १६ चा ठेवणे हे बोर्ड पुन्हा दुरुस्तीला येण्याचे नेहमीचे कारण आहे. पॉलिमर प्रकारच्या (मँगनीज डायऑक्साइडऐवजी वाहक पॉलिमर असलेल्या) टँटलमला एवढी सूट लागत नाही, साधारण १० ते २० टक्के पुरते, आणि पेटण्याचा धोकाही कमी. जुन्या आराखड्यांत दर व्होल्टला ३ ओहम रोध मालिकेत टाकायचा नियम होता. आजच्या कमी व्होल्टेजच्या, जास्त प्रवाहाच्या सर्किटांत तो पाळता येत नाही. म्हणून व्होल्टेजची सूट हाच मुख्य आधार उरतो.

कपॅसिटरवरचा आकडा पिकोफॅरडमध्ये असतो : १०७ म्हणजे १० पुढे सात शून्ये, म्हणजे १०० मायक्रोफॅरड. सोबतचे अक्षर व्होल्टेजचे : जी ४, जे ६.३, ए १०, सी १६, डी २०, ई २५, व्ही ३५, टी ५०. नवा बसवण्याआधी त्या लाइनवर दुसरे काही शॉर्ट नाही ना, हेही मोजून घ्या.

प्रश्न : त्याजागी नायोबियमचा कपॅसिटर चालेल का?

कमी व्होल्टेजवर चालेल. नायोबियम ऑक्साइडचा परावैद्युत स्थिरांक (विद्युतप्रभार साठवण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे ४१, टँटलम ऑक्साइडचा २७ च्या आसपास. पण नायोबियमचा थर दर व्होल्टला जास्त जाड वाढतो, त्यामुळे तो फायदा बराचसा वाया जातो. नायोबियम मोनॉक्साइडचे कपॅसिटर बिघडले तरी सहसा पेटत नाहीत, हा त्यांचा खरा गुण. १२ व्होल्ट आणि त्यावरच्या लाइनसाठी त्यांचा विचार करू नका.

प्रश्न : नायोबियमच्या दागिन्यांना रंग न लावता निळा, जांभळा, सोनेरी रंग येतो. ही प्रक्रिया छोट्या प्रमाणावर कशी करावी?

तो रंग प्रकाशाच्या व्यतिकरणाचा आहे. पारदर्शक ऑक्साइडच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे काही रंग उठतात, काही मावळतात. जाडी व्होल्टेजने ठरते, म्हणून रंगही व्होल्टेजने ठरतो.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सुमारे १० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. ऋण टोकाला स्टेनलेस स्टीलची पट्टी जोडा आणि धन टोकाला नायोबियमची वस्तू. द्रावणात बुडणारा धन बाजूचा चिमटा नायोबियमचाच किंवा टायटॅनियमचा हवा. तांब्याचा चिमटा बुडला तर प्रवाह त्याच्यातूनच जातो, तांबे विरघळते आणि वस्तूला रंग चढत नाही. व्होल्टेज हळूहळू वाढवा. २० ते २५ व्होल्टला तपकिरी-जांभळा, ३० ते ४० ला निळा, ४५ च्या पुढे फिकट, ५५ ते ६५ ला पिवळा-सोनेरी, ७५ च्या आसपास गुलाबी-जांभळा, ९५ जवळ हिरवट. पृष्ठभागाच्या चकाकीनुसार हे आकडे थोडे सरकतात, म्हणून आधी त्याच पत्र्याच्या कपच्यावर पाहा. प्रवाह शून्याजवळ आला की थर पूर्ण झाला.

मागे जाता येत नाही. ४० व्होल्टचा निळा ३० व्होल्टला जांभळा होत नाही, घासून नव्याने सुरुवात करावी लागते. रंग डागाळला तर तेल हे बहुधा कारण असते. वस्तू साबणाने धुऊन नंतर बोटांनी न धरता थेट द्रावणात सोडा. ६० व्होल्टच्या वरचा डीसी जिवाला धोका करू शकतो. प्रवाहमर्यादा असलेला सप्लाय आणि कोरडे रबरी हातमोजे वापरा, आणि सप्लाय बंद केल्याशिवाय द्रावणात हात घालू नका.

टँटलमलाही असाच रंग येतो. थर दर व्होल्टला पातळ असल्याने तोच रंग यायला व्होल्टेज जास्त लागते.

प्रश्न : उकळत्या हायड्रोक्लोरिक आम्लासाठी टँटलमऐवजी स्वस्त पडणारा नायोबियम वापरावा का?

सांद्र आणि गरम आम्लाला नको. टँटलम तिथे जवळजवळ अबाधित राहतो, नायोबियम झिजतो आणि हायड्रोजन शोषून ठिसूळ होतो. सौम्य आणि कमी तापमानाच्या आम्लाला नायोबियम पुरेसा असू शकतो. तेवढ्याच जाडीत वजन निम्मे, हा त्याचा मोठा फायदा.

पण टँटलमलाही तीन शत्रू आहेत : फ्लुओराइड, धूमायमान सल्फ्युरिक आम्ल आणि गरम सांद्र अल्कली. तिन्ही ऑक्साइडचा थर उखडतात. फ्लुओराइड बाहेरूनच यावे असे नाही. अतितप्त झालेल्या टेफ्लॉनच्या गॅस्केटमधूनही ते सुटते.

चौथा शत्रू सर्वांत फसवा. टँटलम पोलादासारख्या कमी राजस (आम्लात सहज झिजणाऱ्या) धातूला विजेच्या दृष्टीने जोडलेला असेल आणि दोघे एकाच आम्लात असतील, तर टँटलम कॅथोड बनतो. त्याच्यावर हायड्रोजन तयार होतो आणि धातूत शिरतो. बाहेरून गंज दिसत नाही, आणि एक दिवस नळी काचेसारखी तडकते. टँटलमचे भाग बाकीच्या धातूंपासून विद्युतरोधक अस्तराने वेगळे ठेवा. काच-अस्तराच्या भांड्यातली टँटलमची दुरुस्तीची डट्टी वाचवण्यासाठी तिच्यावर प्लॅटिनमचा छोटा तुकडा जोडतात. हायड्रोजन तिथे सुटून निघून जातो.

वेल्डिंग शुद्ध आर्गॉनमध्येच करा, आणि जोड पुरता थंड होईपर्यंत मागची बाजूही आर्गॉनखाली ठेवा. गरम टँटलम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही शोषून ठिसूळ होतो. चांगला जोड चांदीसारखा दिसतो. निळा किंवा राखाडी झाला तर तो कापून पुन्हा करा.

प्रश्न : मग नायोबियमचा खरा मोठा वापर कुठे?

पोलादात, सुमारे नव्वद टक्के. बहुतेक माल ब्राझीलमधल्या आराशाच्या पायरोक्लोर खनिजातून येतो आणि फेरोनायोबियम (लोखंड-नायोबियमचा मिश्रधातू) म्हणून भट्टीत पडतो. साधारण ०.०३ टक्के पुरते. त्याच्या कार्बाइडचे बारीक कण पोलादाचे स्फटिक मोठे होऊ देत नाहीत. टँटलम येथे वजनाने आणि किमतीने बाद होतो.

अतिसंवाहकांतही नायोबियमच पुढे आहे. तो ९.२ केल्विनला अतिसंवाहक होतो, टँटलम ४.५ ला. एमआरआयच्या चुंबकांत नायोबियम-टायटॅनियमची तार असते. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकाच्या चुंबकांतही तीच, १.९ केल्विनवर.

अणुभट्टीतही नायोबियम चालतो, कारण तो औष्णिक (मंद) न्यूट्रॉन फार कमी गिळतो : सुमारे १.१५ बार्न (हे न्यूट्रॉन गिळण्याच्या शक्यतेचे एकक), टँटलमचे २०.५. जड पाण्याच्या भट्ट्यांतल्या दाबनळ्या झिर्कोनियमात २.५ टक्के नायोबियम घालून करतात. भट्टीतून काढल्यानंतर मात्र हिशोब उलटतो. टँटलमपासून बनणाऱ्या टँटलम-१८२ चा अर्धायुकाल सुमारे ११४ दिवसांचा, तर नायोबियम-९४ चा सुमारे २०,००० वर्षांचा. म्हणून त्या नळ्यांची विल्हेवाट लावताना नायोबियमचीच चिंता जास्त करावी लागते.